पंच क्रमांक दोन

दांडिया बाजार, बडोदे
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. कुशल यास,

बाईंचे भरभरून आशीर्वाद. आकांक्षाला आणि अनयला पण सांग. अनयचा दात पडला का रे एकदाचा? दिवाळीत आला होता तेव्हा जिभेनं सारखा हलवत बसला होता, आणि चकली मात्र दुसऱ्या बाजूनं कुडुमकुडुम चालूच होती.

पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला, म्हणून हसशील. हस. फोनवर तू "बाई" म्हणालास की माझं अर्धं बोलणं आतच राहतं, आणि समोर आलास की उरलेलं अर्धं चहाच्या गडबडीत जातं. शिवाय शनिवारी तूच म्हणालास की या विषयावर फोनवर बोलायचं नाही. मग कागदच बरा.

इकडचं सगळं ठीक. थंडी अजून पडत नाही. चिवडा थोडा उरलाय, मऊ पडला म्हणून परत भाजला. परवा शाळेत जाऊन आले. चौथीत नऊ मुलं आहेत. तुमच्या वेळी बेचाळीस होती आणि बाकं कमी पडायची. नवीन बाई चांगल्या आहेत, पण फळ्यावर ओळ सरळ येत नाही त्यांची. मी काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले.

मंगळवारी, अठरा तारखेला, मला कोर्टात जायचं आहे. बघ, आले शेवटी तिथवर. दोनदा चहा झाला, ओटा पुसून झाला, तेव्हा कुठे हे वाक्य लिहिता आलं.

आता मी सगळं पहिल्यापासून लिहिणार आहे. तुला ते माहीत आहे, पण तिथे असंच सांगावं लागेल आणि मला सराव हवा.

दोन हजार तेवीसच्या होळीआधी तू वाडीतल्या एका पोळात, त्या चिंचोळ्या गल्लीत, कांचनबेनच्या घराची झडती घेतलीस. त्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून दोघांच्या सह्या आहेत. पंच क्रमांक एक म्हणजे कोपऱ्यावरचा पानवाला, तो गेल्या वर्षी वारला. पंच क्रमांक दोन मी. तिच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे दारूच्या अठरा बाटल्या सापडल्या, आणि हे आम्ही दोघांनी समक्ष पाहिलं, असं त्या कागदावर लिहिलेलं आहे. तिच्या पोळातलं कुणी तसं म्हणत नाही. आता पोलीस सोडून ते पाहिलेलं माणूस जगात मी एकटी, आणि मी ते पाहिलेलं नाही.

तू शनिवारी एवढंच मागितलंस. मोसंब्यांची पिशवी ठेवलीस, पाया पडलास आणि म्हणालास, "बाई, सरकारी वकील विचारतील, तुम्ही वर होतात का. फक्त 'हो' म्हणायचं. बाकी सगळं कागदात आहे." मी म्हणाले, बघू. माझं "बघू" तू चौथीपासून ओळखतोस, त्यात निम्मा होकार असतो. तू हलका होऊन गेलास. त्यानंतर मला मोसंबं सोलवत नाही.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. पंच मिळत नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमची जीप वळली की दांडिया बाजारात शटरं कशी धडाधड खाली येतात! कुणाला हवेत पाच-पाच वर्षं कोर्टाचे हेलपाटे? त्यात बाईमाणसाच्या घराची झडती असली की बाई पंच हवी. तू आमच्या भागात फौजदार म्हणून आलास तेव्हा पहिल्यांदा किती संकोचून विचारलंस, आणि मी किती तोऱ्यात निघाले! पोलिसाला मदत करायची, तीही आपल्याच विद्यार्थ्याला. नवी साडी नेसले होते, आठवतं? चोरीच्या शिलाई मशीनची झडती होती. मी मशीनचा नंबर दोनदा वाचून घेतला, पंचनाम्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा काढल्या. तू कपाळाला हात लावलास.

मग हळूहळू ते बदललं. कसं, ते सांगता येत नाही. एकदा मी उशिरा पोचले, झडती आटपली होती, तू म्हणालास, राहू द्या बाई, हेच आहे, बघा. एकदा पाऊस होता म्हणून तू कागदच घरी आणलास. मग तर कपाबरोबर कागद यायचा. पुढे माझं नाव तुमच्या ठाण्यातल्या नमुन्यात टाइप करूनच ठेवलेलं असायचं, "निवृत्त शिक्षिका" या शब्दांसकट. चौदा-पंधरा सह्या असतील माझ्या. त्यातलं मी खरोखर पाहिलेलं किती? चार. फार तर पाच. वर्गात प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलंय, त्यात एकदा तूही होतास. आणि हे मी काय करत होते? त्याला मी मदत म्हणत होते, आपलेपणा म्हणत होते. मला लाज वाटते, कुशल. सरळ सांगते, लाज वाटते.

कांचनबेनच्या वेळी मी खाली ओट्यावर बसून राहिले, कारण माझा गुडघा. हे तुला माहीत आहे, तूच म्हणालास, बसा इथे, जिना वाईट आहे. शनिवारी तुला वाटत होतं की माझी अडचण तेवढीच आहे. बाई वर चढल्या नव्हत्या, आणि आता चढले होते म्हणायचं. एवढं तर चालतं, सगळेच करतात.

आता यापुढचं तुला माहीत नाही.

गेल्या चैत्रात मी बाजारातल्या त्या बायकांच्या खाखऱ्याच्या दुकानात गेले. आत एक बाई लाटत होती. मला उभं बघून हात पुसले, स्वतःचं स्टूल पुढे केलं, "बेसो ने बेन, पगे दुखे छे ने" म्हणाली. मेथीचे करून देते, ताजे, म्हणाली. बसले. मग जातच राहिले, दर आठ-पंधरा दिवसांनी. बोलकी आहे. मुलगी आहे तिला, भक्ती नावाची, डभोईला मामाकडे शिकते. का, तर इथे शाळेत पोरं तिला बाटली-बाटली म्हणून चिडवायची. तोवर मला काही कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. कांचनबेनला ना मी कधी पाहिलं होतं, ना तिनं मला. तिच्या घराची झडती माझ्या समक्ष झाली असं कागद सांगतो, आणि आम्ही दोघी पाच महिने खाखऱ्याच्या पिठाच्या उजव्या-डाव्या बाजूला बसून एकमेकींना ओळखत नव्हतो.

तीच सांगत गेली. सगळी केस सांगितली, माझ्याच तोंडावर. शाळेत दुपारचं जेवण शिजवायची नोकरी होती ती गेली. दीड महिना आत होती, जामीन मिळेपर्यंत. दारू विकायचा तिचा दीर, तो पळून गेलेला, त्याच्या मागावर तुम्ही आलात. मग म्हणाली, वकील म्हणतात पोलिसांचं एक वेळ कोर्ट ऐकणार नाही, पण कुणीतरी शिक्षिकाबेन साक्षीदार आहे. मास्तरीण कशाला खोटं बोलेल, असं जज म्हणतील. "मी तर तिला बघितलीच नाही हो बेन. कोण असेल ती?"

मी काय केलं असेल, सांग. पाव किलो जास्त घेतले आणि घरी आले.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. आता तू म्हणशील की तिनंच बाईंना फिरवलं. म्हणून लिहिते की तिनं माझ्याकडे काहीही मागितलेलं नाही, तिला मी कोण ते ठाऊक नाही, आणि समन्स आल्यापासून मी त्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही. कोर्टात मला बघेल तेव्हाच तिला कळेल. त्याची मला न्यायाधीशापेक्षा जास्त भीती वाटते.

अजून एक राहिलं आहे. हे लिहायचं म्हणून सकाळपासून बसले आणि गुडघा, चिवडा, शाळा करत बसले.

त्या दिवशी माझा गुडघा फारसा दुखत नव्हता. आदल्याच दिवशी मी गच्चीवर कुरडया घालून आले होते, आमच्या गच्चीला बत्तीस पायऱ्या आहेत. तू बसा म्हणालास आणि मला बसायला बरं वाटलं. वर कुणी बाई रडत होती, ते मला बघायचं नव्हतं. म्हणून बसले.

बसले म्हणून दिसलं. तुम्ही वर गेल्यावर दहाएक मिनिटांनी तुझा तो जाडा शिपाई खाली आला, पोळाच्या तोंडाशी जीप होती तिथे गेला आणि एक हिरवट थेला खांद्याला लावून परत आला. थेला जड होता. माझ्यासमोरून जाताना "थाकी गया, बा?" असं विचारलं त्यानं, अगदी प्रेमानं. पायरीवर पाय ठेवला तसा थेल्यात आवाज झाला. काचेचा. मी मनाशी म्हटलं, लाख, मेणबत्ती, सील मारायचं सामान असेल. लाखेचा आवाज काचेसारखा येत नाही हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. अर्ध्या तासानं तुम्ही उतरलात. बाटल्या खोक्यात होत्या, सील मारून. तोच थेला रिकामा, घडी करून, त्या शिपायाच्या काखेत होता. तू कागद पुढे केलास, मी चष्मा लावला, सही केली आणि तिला खाली आणायच्या आत निघून आले.

अडीच वर्षं झाली. डोळ्यांवर कातडं ओढून घेणं म्हणतात ना, ते मी केलं, आणि ते कातडं ओढायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

तुला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. त्या वेळी तू आतल्या खोलीत होतास, असंही असेल. दारूबंदीची मोहीम चालू होती, वरून आकडा मागत होते, दीर सापडला नव्हता, रिकाम्या हाती परतायचं नव्हतं, हे सगळं तू तेव्हा जीपमध्ये फोनवर कुणाला तरी सांगत होतास, मी ऐकलं. तुला माहीत नसेल तर आता झालं. माहीत असेल तर बाईलाही माहीत आहे, हे तुला कळू दे. दोन्हीपैकी काय, ते मला तुझ्या तोंडून ऐकायची हिंमत नाही. माया वाईट असते रे. मला मूल नाही, तुला माहीत आहे. तू टोपी घालून पहिल्यांदा दारात उभा राहिलास तेव्हा मी शेजारच्या मोहनाला हाक मारून मारून दाखवलं होतं.

शनिवारी तू आणखी एक गोष्ट बोललास, ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणालास, एक डिसेंबरपासून नवीन तुकडीला शिकवायला मीच आहे. झडती कशी घ्यायची, मोबाइलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रण कसं करायचं, नवीन कायद्यात काय काय आलं आहे, सगळं मी शिकवणार. "एका जुन्या केसमुळे हे सगळं जाईल, बाई. तुम्ही 'हो' म्हणा, पुढच्या शंभर झडत्या मी नीट करवून घेईन." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तू खोटं बोलत नव्हतास. तू हे काम मनापासून करतोस, मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी फोनमधली ती सोय दाखवायला आलास आणि माझ्याच कपाटाची झडती घेतलीस! डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना लपवून ठेवलेले डिंकाचे लाडू चित्रणात सापडले आणि तू वेळ, तारीख, ठिकाण मोठ्यानं बोलून नोंदवलंस. किती हसलो. म्हणालास, बाई, आता तुमच्या सहीची गरजच उरणार नाही, कॅमेरा बघेल. खरं सांगू? आधी थोडं वाईट वाटलं, आपण निकामी झालो असं. मग इतकं सुटल्यासारखं वाटलं की तू गेल्यावर मी एकटीच रडले.

पण त्या रात्रीपासून एक शंका आहे, ती आज विचारते. कॅमेरा चालू कधी होतो? तू बटण दाबतोस तेव्हा. थेला वर गेल्यानंतर बटण दाबलं तर? मग चित्रणात अठरा बाटल्या पिठाच्या डब्यामागूनच निघतील, एकदम स्वच्छ, वेळ-तारखेसकट, आणि माझ्यासारखी एखादी म्हातारी कोर्टात काहीही म्हणाली तरी तिचं कोण ऐकेल? तुझ्या नवीन पोरांना फोन धरायला कुणीही शिकवेल. जीपमधून थेला काढताना हात थांबला पाहिजे, हे त्यांना तूच शिकवू शकतोस. ते तुला कळतं, कारण एकदा थांबला नव्हता.

आणि ती शंभर माणसं चांगलीच आहेत रे, ज्यांच्या झडत्या नीट होतील. पण त्यांत कांचनबेन नाही.

म्हणून मी मंगळवारी 'हो' म्हणणार नाही. वर नव्हते म्हणणार. ओट्यावर होते म्हणणार. थेल्याचंही सांगणार, जाताना भरलेला आणि येताना रिकामा. शनिवारी जाताना दारात तू हळूच म्हणालास की सरकारी वकील मला फितूर साक्षीदार म्हणून जाहीर करतील. करू देत. एकाहत्तराव्या वर्षी फितूर! बाजारात चर्चा होईल, शाळेतल्या सत्काराचा फोटो काढूनही टाकतील कदाचित. सही का केली, याबद्दल मलाही विचारतील, शिक्षाही होईल म्हणतात. तेही सांगेन, शिक्षा देतील ती घेईन. आणि बाकीच्या नऊ-दहा सह्यांचं काय, या विचारानं मला आता झोप येत नाही. आठवतील तशी नावं वहीत लिहायला घेतली आहेत. सहा आठवली.

तुझ्या घरात या पत्रामुळे काय होईल, ते मला कळतं. आकांक्षा माझ्याशी बोलणार नाही. चौकशी लागेल, एक डिसेंबर हातचा जाईल, कदाचित टोपीही. मी दगड नाही. तुझं नुकसान करायला निघालेली बाई तुझ्यासाठीच तीन दिवस उपाशी आहे, एवढं ध्यानात ठेव.

अजून चार दिवस आहेत, कुशल. मी सांगण्याआधी तू सांगितलंस तर ते वेगळं असेल. तुझ्या साहेबांना सांग, सरकारी वकिलांना सांग, लेखी दे. सुटशील असं मी म्हणत नाही, मला कायदा कळत नाही. पण मग अनयला मोठेपणी सांगायला तुझ्याकडे काहीतरी असेल. हे पत्र मी मुद्दाम सहीनिशी देते आहे. फाड, जाळ, नाहीतर साहेबांच्या टेबलावर ठेव. मी खोटी सही केली असं माझ्या अक्षरात तुझ्या हातात आहे, उद्या तू ते माझ्याविरुद्धही वापरू शकतोस. वापर, मी रागावणार नाही.

सोमवारपर्यंत मी फोन उचलणार नाही. उचलला तर विरघळेन.

एकच सांगायचं राहिलं. ओट्यावर बसायला आणि सही करायला कुणी सांगितलं, हे न्यायाधीश विचारणारच, आणि मला तुझं नाव घ्यावं लागेल. पूर्ण नाव, हजेरीत घेत होते तसं. चौथीत तुला टायफॉइड झाला होता. महिनाभर तू येणार नाहीस हे माहीत असूनही मी रोज सकाळी ते नाव घ्यायचे आणि क्षणभर थांबायचे. पोरं हसायची. नाव गाळलं की मूल गेलंच, असं मला वाटायचं. मंगळवारीही मी शिर्के कुशल विश्वासराव म्हणेन आणि थांबेन. त्या वेळी तू कुठे असशील, ते तू ठरव.

तुझी,
आणि काही झालं तरी तुझीच,
मंदाकिनीबाई